साखरेचा रोजमेळ

138 हा आकडा धरमपुरीत जपून उच्चारावा लागतो. नर्मदेवरचं सरदार सरोवर काठोकाठ भरतं ते 138.68 मीटरला. त्याच्या बुडीत क्षेत्रात मध्य प्रदेशातली 192 गावं आली आणि शहर एकच, ते म्हणजे धरमपुरी. 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं, आणि तेव्हापासून पावसाळ्यात इथली माणसं एकमेकांना 'कसे आहात' असं विचारत नाहीत, 'किती झालं' असं विचारतात. एका भाद्रपदात घाटाच्या वाटेवर कोणीतरी आमच्या मामांना "कित्ता हुआ मुनीमजी?" म्हणून विचारलं. मामांनी खर्जातल्या आवाजात "138" असं सांगितलं. तो गृहस्थ भाजीची पिशवी तिथेच टाकून घराकडे पळाला. धान्याच्या कोठ्या माडीवर चढवून झाल्यावर खुलासा झाला, की मामा पोहे-जलेबी खाऊन दोन तासांनी आलेली स्वतःच्या रक्तातली साखर सांगत होते.

खाल्ल्यावर दोन तासांनी 138 ही खरं म्हणजे पेढे वाटण्यासारखी बातमी. (वाटावेत, स्वतः खाऊ नयेत.) 140 च्या आतल्या माणसाला डॉक्टर निरोगी म्हणून घरी पाठवतात. पण पूररेषेजवळ जन्म काढलेल्या माणसाला 'रेषेच्या आत' या शब्दांनी धीर येत नाही. रेषा किती हात लांब आहे, एवढंच तो बघतो.

मामांची ओळख करून द्यायला हवी. धरमपुरी हा धारच्या पवारांच्या संस्थानातला परगणा. पवारांच्या मागोमाग जी मराठी घराणी माळव्या-निमाडात उतरली, त्यांतली तलवारवाली धारला आणि देवासला राहिली आणि लेखणीवाली परगण्यांतून पसरली. मामा लेखणीवाल्यांपैकी. सगळी हयात त्यांनी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत मुनीम म्हणून काढली. संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. एकदा तेरा आणे जुळेनात म्हणून त्यांनी दिवाळीचा फराळ लांबवला होता, असं मामी सांगते. मामांच्या काळात आणे बंद झालेले होते, पण तिला तेरा आणेच म्हणायचं असतं. असा माणूस निवृत्त झाला, हिशेबाला काही उरलं नाही, आणि घरात ग्लुकोमीटर आला.

तो मामांसाठी आलेला नव्हता. मधुमेह मामीला आहे, गेली कित्येक वर्षं. ती सकाळी गोळी घेते, घाटापर्यंत चालून येते, भात मोजून खाते आणि या विषयावर एक अक्षर बोलत नाही. मशीन तिचं. पण ती मुलीकडे इंदूरला गेली असताना एका रिकाम्या दुपारी मामांनी डबीतली एक पट्टी काढली, बोटाला सुई टोचली, आणि मशीनवर आकडा उमटला. इतक्या वर्षांनी पुन्हा एक आकडा, आणि तो रोज बदलणारा! मामांच्या तोंडावर कपाशीच्या पहिल्या गाडीचं तेज आलं. लाल कापडी बांधणीची जुनी बही माळ्यावरून खाली आली आणि तिच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर साखरेचा रोजमेळ सुरू झाला.

ही बही मी स्वतः पाहिली आहे. तारीख, वेळ, बोट, आकडा आणि शेरा असे रकाने. अक्षर मोत्यासारखं. मासला देतो:

सकाळी 6.10, उजवी तर्जनी, अनशापोटी, 104. शेरा: ठीक.

सकाळी 6.14, डावी अनामिका, 118. शेरा: चार मिनिटांत 14 वाढ. चौकशी करणे.

सकाळी 11.40, 71. हात थरथरले, घाम. शेरा: कोणी नेली?

संध्याकाळी 5.30, 212. शेरा: पपई खाल्लेली नाही. फक्त कापली.

'कोणी नेली?' या शेऱ्याखाली दोनदा रेघ मारलेली होती. मामांचं म्हणणं सरळ होतं. मधुमेह त्यांना नाही, कुठल्या डॉक्टरने तसं म्हटलेलं नाही. मग निरोगी माणसाची साखर तिजोरीत ठेवल्यासारखी एका जागी राहायला पाहिजे. रात्री निजताना 97 शिल्लक होती. रात्रभर तोंडात कण गेला नाही. सकाळी 110. मधले 13 आले कुठून? फॅक्टरीत असं झालं असतं तर पोलीस आले असते.

आता यातलं गुपित असं, की शरीराच्या दुकानात यकृत नावाचा एक गुमास्ता आहे आणि तो पावतीशिवाय व्यवहार करतो. शंभर ग्रॅमच्या आसपास साखर त्याने स्वतःकडे साठवलेली असते. आपण घोरत असताना मेंदू काही दुकान बंद करत नाही. त्याला चोवीस तासांत सव्वाशे ग्रॅमच्या घरात ग्लुकोज लागतं. ते यकृत रात्रभर सोडत राहतं आणि पहाटे मालकाच्या उठण्याच्या आधी, कोर्टिसोलसारख्या संप्रेरकांच्या सांगण्यावरून, जरा जास्तच सोडतं. आणि हा सगळा उलाढालीचा व्यवहार चालतो किती मालावर? मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त. शंभर मिलीलीटरला शंभर मिलीग्रॅम धरले तर एकूण साखर होते पाच ग्रॅम. म्हणजे एक चहाचा चमचा. सगळ्या देहाची रोकड एक चमचा, आणि मामा सकाळी न्याहारीला बसले की पाकात भिजलेल्या तीन जलेब्या! एका चमच्याच्या पेढीवर एवढी मोठी हुंडी आल्यावर आकडा हलणार नाही तर काय होईल? तो हलूनही दोन तासांत जागेवर येतो, हीच नवलाची गोष्ट.

हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "ते असेल रे. पण पावती नको?"

चार मिनिटांत 104 चे 118 कसे झाले, याचं उत्तर तर त्याहून सोपं आहे, पण मुनीमाला पटणारं नाही. घरगुती मशीनला नियमाने थोडं चुकायची मुभा असते. जगात बहुतेक ठिकाणी जी मोजमापाची अट मानतात, तिच्यानुसार खरा आकडा 100 च्या खाली असेल तर 15 इकडेतिकडे आणि वर असेल तर शेकडा 15 इकडेतिकडे चालतं. तेही शंभरातल्या 95 वेळा. उरलेल्या पाच वेळांबद्दल मशीन काही बोलत नाही. म्हणजे 104 आणि 118 हा एकच आकडा, दोन बोटांतून आलेला. "शेकडा 15 ची सूट?" मामा उसळले. "आम्ही शेकडा अर्ध्यावरून कापसाच्या गाड्या परत पाठवल्यात!"

पपईचं प्रकरण मात्र मोठं झालं होतं. निमाडात पपई अमाप. मामांनी एक पिकलेली पपई चिरली, फडक्याला हात पुसले, बोटाला नेमाने स्पिरिटचा बोळा लावला आणि साखर पाहिली ती 212! आळीत हाहाकार झाला. शेजारच्या शर्मांच्या सुनेने तर "देखने से भी चढ़ती है क्या?" असं भीतभीत विचारलं. जपानमधल्या डॉक्टरांनी 2011 साली नेमका हाच प्रयोग निरोगी माणसांवर केलेला आहे. त्यांनी लोकांना संत्री, द्राक्षं, किवी सोलायला लावली आणि मग त्याच बोटांतून साखर मोजली. आकडे भडकले. स्पिरिटच्या बोळ्याने पाच पाच वेळा पुसलं तरी ते पुरते उतरले नाहीत. नळाखाली हात धुतल्याबरोबर उतरले. एवढ्याशा थेंबात बोटावरच्या फळाचा अंशही मिसळला तरी मशीन बिचारं तो तुमच्या नावावर मांडतं. धरमपुरीत सकाळच्या वेळी ज्याच्या बोटाला जलेबीचा पाक लागलेला नाही असा माणूस शोधायचा म्हणजे त्याला खलघाटच्या पुलावरून पलीकडेच जायला लागेल.

पट्ट्यांचीही एक कहाणी आहे. त्यांना उष्मा सोसत नाही. डबीवर साधारण 30 अंशांपर्यंत ठेवा असं छापलेलं असतं. निमाडाच्या मे महिन्यात 30 अंश हे पहाटे चारला, तेही नर्मदामैयाची कृपा असेल तर. म्हणून मामांनी त्या फ्रीजमध्ये ठेवल्या, दह्याच्या सटाजवळ, झाकण सैल. ओल लागली. त्या आठवड्यात बहीमध्ये जे आकडे आले त्यांवर विश्वास ठेवायचा तर मामा मंगळवारी वारले होते आणि बुधवारी त्यांना रसवंती सुरू करता आली असती.

आणि 'अनशापोटी' म्हणजे काय, यावर तर मराठी माणसात एकमत होणं शक्य नाही. डॉक्टरी हिशेबात आठ तास पाण्याखेरीज काही नाही. मामांच्या हिशेबात चहा हे खाणं नव्हे. अर्धा कट चहा म्हणजे तोंड धुण्याचाच उत्तरार्ध. चहाबरोबरचं टोस्ट चहात बुडवल्याने द्रवात जमा. नर्मदेतल्या बेटावरच्या बिल्वामृतेश्वराचा प्रसाद हा देवाचा, तो मोजणं पाप. गूळ तर औषधच, "त्याला केमिकल नसतं." माझ्या माहितीत या मुलखात कडक अनशापोटी राहणारी एकच व्यक्ती होऊन गेली, ती मांडूची राणी रूपमती. नर्मदेचं दर्शन झाल्याशिवाय ती अन्न घेत नसे अशी आख्यायिका आहे. तिचं माहेर धरमपुरीचंच, असंही इथे सांगतात. मांडूच्या कड्यावर धुकं असेल त्या दिवशी तिचं फास्टिंग किती तास लांबत असेल, याचा विचार कोणत्याही बखरीत केलेला नाही.

साखर वरखाली होते आहे हे एकदा गावात कळलं, की माणूस एकटा राहत नाही. ताप आलेल्या माणसाला लोक विश्रांती सुचवतात; साखरवाल्याला झाड सुचवतात. मेथीदाणा, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, कडुनिंब. जत्रेतून कोणी विजयसारच्या लाकडाचा पेला आणून दिला. त्यात रात्री पाणी ठेवलं की सकाळी ते चहासारखं दिसतं आणि मामांनी ते चहा समजून त्यात साखर घातली. कोणी गुडमारची पानं दिली. ही वनस्पती नावाला जागते: पानं चावली की काही वेळ जिभेला गोड कळतच नाही. मामांनी पानं चावली, मग चहा घेतला, तो अगोड लागला, म्हणून आणखी दोन चमचे साखर टाकली. त्या दिवसाचा शेरा 'औषध लागू नाही' असा आहे.

नातेवाईकांचा हातभार वेगळाच. मामांच्या दोन बहिणी. पुण्याची बहीण डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांच्या पंथातली: दिवसात दोनदाच जेवण, प्रत्येक वेळी 55 मिनिटांत उरकायचं, मध्ये दाणा नाही. ठाण्याची ऋजुता दिवेकरांच्या संप्रदायातली: दर दोन तासांनी थोडं थोडं, वर तूप. दोघी एकाच वेळी धरमपुरीला आल्या, तेव्हा मामांनी कोणाचंही मन मोडलं नाही. ते दोनदा 55 मिनिटं जेवले आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खाल्लं. त्यात रविवार आला, म्हणजे दाल-बाफले आणि लाडू. बाफला तुपात बुडवल्याशिवाय पानात वाढणं हा माळव्यात अपमान समजतात. त्या आठवड्याचे आकडे मामांनी बहीमध्ये घेतले नाहीत, 'किरकोळ खर्च' म्हणून सोडून दिले.

कॅलिफोर्नियाची भाची सगळ्यांच्या पुढे. तिच्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवलेली असते आणि ती रात्रंदिवस साखर मोजते. 2024 पासून तिकडे इन्सुलिन न घेणाऱ्यांना ही असली चकती चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली आहे. तिला मधुमेह नाही, होण्याचं लक्षण नाही, पण इडली खाल्ली की ती मामांना आलेख पाठवते. "मामा, कर्व्ह फ्लॅट हवा." मामा म्हणाले, "बाई, आमच्या इथला रस्ता फ्लॅट नाही." एका रात्री तिच्या फोनने साखर धोकादायक खाली गेल्याचा भोंगा दिला. नवरा सरबत घेऊन धावला. ती त्या कुशीवर झोपली होती एवढंच. ही चकती रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते. दंड दाबला गेला की तिला खोटा दुष्काळ दिसतो. शिवाय 2019 साली तिकडच्या निरोगी माणसांना अशा चकत्या लावून पाहिलं, तेव्हा दिवसातला अर्धाएक तास त्यांची साखर 140 च्या वर आणि पावएक तास 70 च्या खाली जाऊन आलेली दिसली. म्हणजे चढउतार हा निरोगीपणाचाच भाग निघाला. पूर्वी तो कोणाला दिसत नव्हता म्हणून माणसं सुखाने जलेबी खात होती.

इथवर सगळी गंमत. पण 'कोणी नेली?' हा प्रश्न बहीमध्ये पुन्हा पुन्हा येऊ लागला होता. आठला पोहे-जलेबी, आणि साडेअकराच्या सुमाराला हात थरथरणं, घाम, भुकेने कासावीस होणं. मशीनवर 71, कधी 68. मामी इंदूरहून परतली होती; एके दिवशी तिने बही चाळली, चष्मा काढला आणि म्हणाली, "चला." डॉक्टरकडे.

डॉक्टर मोठा गोड माणूस. त्याने बही मनापासून वाचली. मला वाटतं एवढ्या सुंदर अक्षरातलं काही त्याने वैद्यकीच्या पदवीनंतर पाहिलं नसावं.

"डॉक्टरसाब, मला डायबेटीस आहे का?"

"अजून तरी दिसत नाही."

"मग ही शुगर?"

"मुनीमजी, शुगर सगळ्यांनाच असते. नसेल तर घाटावर नेतात."

मग त्याने पहिला प्रश्न विचारला तो मामांच्या खाण्याबद्दल नव्हताच. "घरात दुसऱ्या कोणाची शुगरची गोळी आहे?" मधुमेह नसलेल्या माणसाची साखर खाली येते तेव्हा शहाणे डॉक्टर आधी हे विचारतात, कारण भारतीय घरात सगळ्यांच्या गोळ्या एकाच डब्यात नांदतात. आमच्याकडे तो डबा श्रीखंडाचा आहे. त्यात मामांची रक्तदाबाची गोळी आणि मामीची साखरेची गोळी एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या असतात आणि दोन्ही पांढऱ्या. मामा गडबडले. मामी शांतपणे म्हणाली, "माझ्या मोजलेल्या आहेत. एकही कमी नाही." त्या दिवशी मला कळलं, की घरातला खरा मुनीम कोण.

गोळीवर संशय मिटल्यावर डॉक्टरने समजावलं. गोड, मैद्याचं खाणं एकदम पोटात गेलं की साखर भराभर चढते. काहींचं इन्सुलिन उशिरा जागं होतं आणि मग उशिराच्या अपराधापोटी जास्त काम करतं. तीन-चार तासांनी साखर जरा जास्तच खाली उतरते आणि अंग थरथरतं. पण याला लगेच रोग म्हणत नाहीत. मधुमेह नसलेल्याची साखर खरोखर पडली असं म्हणायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: त्रास होत असताना लॅबच्या तपासणीत साखर 55 च्या खाली सापडणं, त्रास साखर पडल्यासारखाच असणं, आणि साखर पोटात गेल्यावर तो थांबणं. ही तिहेरी अट मुळात व्हिपल नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाने 1938 साली घालून दिली. तिन्ही जुळल्या तर मात्र मोठ्या तपासण्या कराव्या लागतात. शुद्ध हरपली, बोलणं बरळल्यासारखं झालं, उपाशीपोटी वारंवार असं झालं, तर बही लिहीत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. मामांचे 68 आणि 71 या दाराशी पोचत नव्हते. "तीन साक्षीदार पाहिजेत," मामा खूश होऊन म्हणाले. ही पद्धत त्यांना पटली.

मग लॅब. अनशापोटी (या वेळी मामी राखणीला होती, चहाचं भांडंच कुलपात), त्यानंतर 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, दोन तासांनी पुन्हा. आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी. निकाल: अनशापोटी 103, दोन तासांनी 146, सरासरी 5.8.

हे आकडे कसले, तर कुठलेच नाहीत. अनशापोटी 100 च्या आत, दोन तासांनी 140 च्या आत आणि सरासरी 5.7 च्या खाली म्हणजे निरोगी. 126, 200 आणि 6.5 ला मधुमेह. मामा मधल्या ओसरीवर. या ओसरीला प्रीडायबेटीस म्हणतात आणि तिच्यावर गर्दी भयंकर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाले: मधुमेही 10.1 कोटी, आणि ओसरीवर बसलेले 13.6 कोटी. घरात गेलेल्यांपेक्षा ओसरीवरचेच जास्त. यांतल्या कित्येकांना आपण इथे बसलो आहोत याचा पत्ता नाही, कारण त्यांनी कधी बोट टोचून घेतलेलं नाही. मामांना निदान हे कळलं ते टोचून टोचूनच, हे कबूल केलं पाहिजे.

मामांची तक्रार एकच. "अरे, पण मी तर काडीपैलवान! पोट नाही, काही नाही." याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉक्टर यडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघं सारखेच सडपातळ, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक 22.3. फक्त यडकिनच्या अंगात चरबी शेकडा 9.1 आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2. आपला माणूस बाहेरून काटकुळा आणि आतून लोण्याचा, हे विज्ञानाने फोटोसकट सिद्ध केलेलं आहे. याज्ञिकांनी स्वतःला उदाहरण म्हणून उभं केलं याचं मला फार कौतुक वाटतं; स्वतःच्या फोटोखाली चरबीचा आकडा छापून घ्यायला सिंहाचं काळीज लागतं.

औषध काही दिलं नाही. जेवणानंतर चालायचं, जलेबी सणावारी, पोह्यांत शेंगदाणे-मटार भरपूर, रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि अमाडीची भाजी, जी निमाडात माणसं पिढ्यान् पिढ्या खातच आली आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. रोज टोचायचं कारण नाही. शेवटच्या वाक्यावर मामांचा चेहरा पुन्हा निवृत्त झाला.

परतताना रिक्षात मामी प्रथमच हिशेबावर बोलली. "पट्ट्यांची डबी 50 ची होती. मी इंदूरला गेले तेव्हा 50. आज 4 आहेत. आल्यापासून मी 1 वापरली." मामा बाहेर कपाशी बघू लागले. पंधरा-वीस रुपयांची एक पट्टी. आणि मागल्या पंधरवड्यात मामीला स्वतःला गरगरलं होतं, तेव्हा डबीत थोड्याच उरल्यात म्हणून तिने मोजलंच नव्हतं, नुसती साखर तोंडात टाकून पडून राहिली होती. तिच्या रोजमेळात शेऱ्याचा रकानाच नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला न उलगडलेला चढउतार हा एकच: ज्याला रोग नाही त्याच्या साखरेची चर्चा घाटापर्यंत, आणि जिला आहे तिची कोणी विचारपूससुद्धा केली नाही. हे फक्त धरमपुरीत होतं असं म्हणायला मी धजणार नाही.

तेव्हा आपल्या घरात मशीन कोणासाठी आणलं होतं, ते एकदा आठवून बघा आणि पट्ट्या त्या माणसाला परत करा. तुम्हाला स्वतःची काळजी वाटत असेल तर तीस वर्षांवरच्या कोणालाही सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात साखर आणि रक्तदाब फुकट तपासून मिळतो. शंका आली तर तिथूनच पुढे लॅबमध्ये पाठवतात. चहा न घेता जा, आणि निघण्याआधी हात धुवा. साबणाने.